रेल्वेचे आख्खे डबे जहाजातून जायचे म्हणे, मग ते बंद का पडलं?

संत्रीवाला_नरेंद्रनगर
नागपुरात अजनीच्या कंटेनर डेपोच्या बाजूनं येणंजाणं असतं. निळे, तपकिरी, हिरवे डबे थप्पीनं रचलेले. परवा भाच्यानं सांगितलं की कंटेनर यायच्या आधी अमेरिकेत मालगाडीचे डबे चाकांसकट क्रेननं उचलून जहाजात ठेवायचे. आधी थाप वाटली, पण फोटो पाहिले. खरंच बोगीसकट (म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यासकट) डबा हवेत लटकलेला!

माझं मत असं की तीच पद्धत बरी होती. गोंदियात तांदूळ भरला, सील मारलं, डबा रुळावरून थेट जहाजात, पलीकडे पुन्हा रुळावर. कंटेनरचं पाहा: कारखान्यातून ट्रेलर, अजनीत उतरवा, वॅगनवर चढवा, न्हावाशेवाला उतरवा, परत ट्रेलर, मग जहाज. नुसती उचलाउचल. मग जुनी पद्धत का सोडली? जाणकारांनी सांगावं.

फाटक_बंद
समुद्र पाहायचा तं रात्रभर गाडीत बसावं लागते अशा गावात जहाजाचा धागा! मानलं भाऊ. खुर्ची टाकून बसलो, होऊ द्या सुरू.

मोतीबाग_सेवानिवृत्त
थाप नाही. आणि ही अमेरिकेचीही कल्पना नव्हे.

सुरुवात स्कॉटलंडची. फोर्थ खाडीवर ग्रँटन ते बर्नटायलंड अशी 'लेव्हायथन' नावाची बोट १८५० मध्ये सुरू झाली. डेकवरच रूळ होते, वॅगन ढकलत आत न्यायच्या. खरी अडचण बोटीची नव्हती, भरती-ओहोटीची होती. धक्का जागेवर राहतो आणि बोट वरखाली होते, मग रूळ जुळवायचे कसे? त्यासाठी थॉमस बाउच या इंजिनिअरनं मागेपुढे सरकणारा उतार केला. (हेच ते बाउच, ज्यांचा टे नदीवरचा पूल १८७९ मध्ये गाडीसकट कोसळला. बोटीचं काम मात्र फोर्थचा पूल होईपर्यंत, म्हणजे १८९० पर्यंत, बिनबोभाट चाललं.)

नंतर डेन्मार्कमध्ये १८७२ ला, अमेरिकेत मिशिगन सरोवरावर १८९२ ला. लंडन-पॅरिस 'नाइट फेरी' तर १९३६ ते १९८० चालली. प्रवासी लंडनला स्लीपर डब्यात झोपायचा आणि पॅरिसला उठायचा, मधली खाडी डब्यासकट बोटीत. डोव्हरला भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा की तिथे दरवाजे असलेली बंद गोदी बांधली. बोट आत घेऊन दरवाजे लावायचे आणि पंपानं पाण्याची पातळी रुळांना जुळेल अशी करायची.

तुमच्या भाच्यानं पाहिलेले फोटो सीट्रेन कंपनीचे असणार. ग्रॅहॅम ब्रश हे तिचे संस्थापक. १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्स ते हवाना सेवा सुरू झाली. क्युबातही रूळ अमेरिकन मापाचेच, म्हणून जमलं. हे मात्र फेरीबोटीसारखं ढकलून आत न्यायचं काम नव्हतं. क्रेन डब्याला एका पाळण्यात उचलायची आणि वरून सोडायची. जहाजात एकाखाली एक मजले, प्रत्येकावर रूळ. १९३२ च्या मोठ्या जहाजांत शंभराच्या आसपास डबे मावत.

विदर्भ_एक्स्पोर्ट
काकांनी इतिहास दिला, मी धंद्याचं बोलतो. संत्रीवाला भाऊ, तुमच्या युक्तिवादात एक गोष्ट राहिली: चाकांचं वजन.

आपली बंद मालवॅगन रिकामी असली तरी पंचवीसेक टन भरते. वीस फुटी कंटेनर रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास. वॅगन जहाजात नेली की तिच्या बोग्या, चाकं, कपलिंग, ब्रेकचं सामान हे सगळं भाडं भरून समुद्र पार करणार, आणि तिथे एका पैशाचं काम करणार नाही. शिवाय एका वॅगनवर दुसरी ठेवता येत नाही, प्रत्येकीला स्वतःचा मजला हवा. कंटेनर एकावर एक रचत जा. तुमची पद्धत म्हणजे बैलगाडीसकट कापूस जिनिंगच्या माडीवर चढवणं.

संत्रीवाला_नरेंद्रनगर
बैलगाडीचं पटलं. पण उचलाउचलीचं काय?

विदर्भ_एक्स्पोर्ट
उचलाउचल डब्याची होते हो, मालाची नाही. एकदा अजनीला उभं राहून बघा. रिच स्टॅकर (कंटेनर उचलणारी लांब हाताची गाडी) येतो, वरची चौकट कंटेनरच्या चार कोपऱ्यांवर टेकते, लॉक फिरतात, डबा उचलला की दोन-चार मिनिटांत वॅगनवर. ड्रायव्हर कॅबिनमधून खाली उतरतसुद्धा नाही. चार कोपऱ्यांतली ती लोखंडी भोकं जगभर एकाच मापाची. सगळी करामत त्या भोकांची आहे.

फाटक_बंद
म्हणजे जगाचा व्यापार भोकांवर चालून राहिला.

डबा_क्रमांक
मॅकलीनचं नाव अजून कोणी घेतलं नाही, आश्चर्य आहे.

माल्कम मॅकलीन, नॉर्थ कॅरोलायनाचा ट्रकवाला. १९३७ मध्ये होबोकेनच्या धक्क्यावर कापसाच्या गाठी घेऊन गेला आणि हमाल गाठी एकेक उचलताना बघत ताटकळत बसला; तिथेच कल्पना सुचली, असं तो पुढे सांगायचा. (सुचली तेव्हा आणि केलं एकोणीस वर्षांनी, त्यामुळे यात मीठमसाला किती ते ज्यानं त्यानं ठरवावं.) त्यानं १९५५ मध्ये एक जहाज कंपनी विकत घेतली. आणि मूळ बेत काय होता माहितीये? ट्रेलर चाकांसकटच जहाजावर न्यायचा! मग हिशेब केला, चाकांखाली जागा किती फुकट जाते ते दिसलं आणि नुसती पेटी उचलायचं ठरलं. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं, डेकवर ५८ पेट्या. जहाज म्हणजे जुना तेलवाहू टँकर. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडायचे, या जहाजावर सोळा सेंटसुद्धा लागले नाहीत.

म्हणजे वर विदर्भ_एक्स्पोर्ट यांनी वॅगनबद्दल जे सांगितलं तेच गणित मॅकलीननं ट्रेलरबद्दल मांडलं.

मोतीबाग_सेवानिवृत्त
मॅकलीनला सगळं श्रेय द्यायला माझा विरोध आहे. पेटी त्याची नव्हेच. इंग्लंडच्या रेल्वे कंपन्या दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लाकडी पेट्या वॅगनवरून घोडागाडीवर आणि ट्रकवर उचलत होत्या. कंटेनरचं आंतरराष्ट्रीय ब्यूरो पॅरिसला १९३३ मध्येच स्थापन झालं. अमेरिकी सैन्याच्या लोखंडी पेट्या कोरियाच्या युद्धात होत्या. आणि खास कंटेनरसाठी बांधलेलं जहाज कॅनडात १९५५ ला पाण्यात उतरलं होतं, 'क्लिफर्ड जे. रॉजर्स', व्हँकुव्हरहून अलास्काला जायचं आणि तिथून पेट्या रेल्वेनं युकॉनला. आयडियल एक्सच्या आदल्या वर्षी! रेल्वेवाल्यांनी केलं ते कोणाला आठवत नाही, ट्रकवाल्याचा मात्र जयजयकार.

डबा_क्रमांक
काका, पेटी कोणाचीही असो, प्रत्येकाची पेटी वेगळ्या मापाची होती. मॅकलीनची ३५ फुटी, पॅसिफिकमधल्या मॅटसन कंपनीची २४ फुटी. एकाची पेटी दुसऱ्याच्या जहाजात बसायची नाही. वीस आणि चाळीस फुटांचं आंतरराष्ट्रीय माप १९६८ मध्ये ठरलं. कोपऱ्यातलं ते लॉक कीथ टँटलिंगर या इंजिनिअरनं मॅकलीनसाठी केलं होतं. मॅकलीननं त्याचं पेटंट जगाला खुलं करून दिलं. श्रेय मी त्याला त्यासाठी देतो.

मोतीबाग_सेवानिवृत्त
ते मान्य.

फाटक_बंद
काकांनी कोणाचं तरी मान्य केलं! स्क्रीनशॉट घेऊन ठेवा रे.

निळी_छत्री
मी अशा बोटीतून गेले आहे, ट्रेनसकट. इटलीत रोमहून सिसिलीला जाणारी गाडी व्हिला सान जिओव्हानीला थांबते. मग गाडीचे तुकडे करतात आणि शंटिंग इंजिन एकेक तुकडा बोटीच्या पोटात ढकलतं. खिडकीबाहेर बघावं तर दोन हातांवर लोखंडी भिंत, पिवळे दिवे, आणि शेजारच्या रुळावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे उभे. खालून साखळ्या आवळल्याचा खणखणाट. नवरा म्हणाला बसून राहू, सामान आहे. मी ऐकलं नाही. अरुंद लोखंडी जिन्यानं वर डेकवर गेले, तिथे कँटीनमध्ये भाताचे तळलेले गोळे मिळतात, ते खाल्ले. अर्ध्या तासाच्या आत मेसिना. परत डब्यात, पुन्हा जोडाजोड. बोटीवर वेळ कमी आणि शंटिंगलाच जास्त जातो, पण लहान मुलांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं त्या वेळी. माझ्याही.

फाटक_बंद
ताई, भाताचे तळलेले गोळे म्हणजे आपले गोळाभाताचेच पाहुणे की काय?

निळी_छत्री
आत चीज असतं. वरून फोडणीचं तेल घेतलं असतं तर चाललं असतं :)

कळमन्याचा_माणूस
बोटीत गाडी भरायची तर एक बाजू जड होऊन बोट कलंडत नाही का? आमच्याकडे ट्रक एका बाजूनं भरला तरी ड्रायव्हर शिव्या घालतो.

मोतीबाग_सेवानिवृत्त
कलते, म्हणूनच क्रम ठरलेला असतो. थोडे डबे डावीकडे, थोडे उजवीकडे, आलटूनपालटून. शिवाय टाक्यांतलं पाणी इकडून तिकडे फिरवून तोल सांभाळतात. डब्यांना साखळ्या आणि खालून स्क्रू-जॅक, म्हणजे स्प्रिंगवर डबा डोलायला नको.

पण या बोटींचं खरं दुखणं मागचं तोंड. रूळ आत न्यायचे म्हणून मागची बाजू उघडी. जपानमध्ये होन्शू आणि होक्काइदो बेटांच्या मधल्या सामुद्रधुनीत २६ सप्टेंबर १९५४ च्या वादळात 'तोया मारू' ही रेल्वेबोट बुडाली. लाटांचं पाणी मागून गाडीच्या डेकवर शिरलं, तिथून इंजिनरूममध्ये. अकराशेहून जास्त माणसं गेली. समुद्राखालच्या बोगद्याची मागणी त्यानंतर जोरात पुढे आली आणि १९८८ ला सेइकान बोगदा सुरू झाला. जगात बहुतेक ठिकाणी हेच झालं आहे: पूल किंवा बोगदा झाला की रेल्वेबोट संपली.

लोको_शेड
सीट्रेनच्या जहाजांची युद्धातली कामगिरी राहिली. रेल्वे डब्यांसाठी बांधलेले उंच, मोकळे मजले रणगाड्यांना चपखल बसले. १९४२ मध्ये 'सीट्रेन टेक्सस' शर्मन रणगाडे घेऊन आफ्रिकेला वळसा घालून इजिप्तला गेलं, तेही ताफ्याविना एकटं. इजिप्तमधली एल अलामीनची लढाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. शांततेच्या काळात मात्र रेल्वे कंपन्यांनी आपले डबे सीट्रेनला द्यायला खळखळ केली, कारण त्यांच्याच भाड्यावर गदा येत होती. शेवटी सीट्रेननं स्वतःच कंटेनर धरले. १९८१ मध्ये दिवाळं वाजलं ते कंटेनरवाली कंपनी म्हणून.

महाल_ते_मिहान
गाड्या समुद्रातून आणायचं बंद कुठे झालंय? आपल्या नागपूर मेट्रोचे डबे चीनमधल्या दालियनहून आले. जहाजानं चेन्नई, आणि तिथून मोठ्या ट्रेलरवर रस्त्यानं नागपूर, २०१९ च्या सुरुवातीला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो डबा वर्धा रोडला वळताना पाहायला आम्ही मित्र थांबलो होतो. पुढे पायलट गाडी, बाजूला माणसं हातात बांबू घेऊन वायरी वर उचलणारी. ट्रेलर वळत होता, थांबत होता, मागे येत होता. सगळा रस्ता जाम, पण हॉर्न कोणी वाजवत नव्हतं. नागपुरात असं होत नाही.

तेव्हापासून एक प्रश्न आहे. चेन्नई ते नागपूर एवढा मोठा रेल्वेमार्ग असताना रेल्वेचाच डबा रस्त्यानं का आणला?

लोको_शेड
गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपली भारतीय रेल्वे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. नागपूर मेट्रो स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर. मेट्रोचा डबा आपल्या रुळांवर चाकं टेकवूच शकत नाही.

आणि संत्रीवाला यांच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. वॅगन जहाजातून नेली तर पलीकडच्या देशात त्याच मापाचे रूळ हवेत, तसंच कपलिंग हवं, तसाच ब्रेक हवा, आणि बोगद्यातून जाईल एवढीच उंची-रुंदी हवी. अमेरिका-क्युबा जमलं. लंडन-पॅरिसला गेज एक, पण ब्रिटिश बोगदे आणि फलाट अरुंद म्हणून स्लीपर डबे मुद्दाम बारीक अंगाचे बांधावे लागले. आपल्या ब्रॉडगेजची वॅगन घेऊन युरोपात गेलात तर धक्क्यावरच अडकली. कंटेनरला रुळाचं माप विचारावं लागत नाही.

वरोऱ्याची_वाट
भारतात इंजिनं आली तीही जहाजानंच ना? तेव्हा क्रेन कुठल्या?

मोतीबाग_सेवानिवृत्त
बहुतेक इंजिनं सुट्या भागांत यायची. बॉयलर वेगळा, फ्रेम वेगळी, चाकं वेगळी, आणि इथल्या वर्कशॉपात जोडणी. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं 'फॉकलंड' इंजिन १८५२ मध्येच भायखळ्याला शंटिंग करत होतं, ठाण्याची पहिली गाडी सुटायच्या आधी. कलकत्त्याची कथा जास्त मजेशीर. ईस्ट इंडियन रेल्वेचे पहिले डबे घेऊन येणारं 'गुडविन' जहाज हुगळीच्या मुखाशी बुडालं आणि इंजिनाचं जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं. त्यात रखडपट्टी झाली, नाहीतर पहिल्या गाडीचा मान कदाचित बंगालला गेला असता.

आख्खी इंजिनं उचलणारी जहाजं १९२० च्या दशकात नॉर्वेच्या ख्रिस्टेन स्मिथ यांनी आणली. जहाजावरच अवजड क्रेन, इंजिन जोडलेल्या अवस्थेत पोटात. उतरवलं की कोळसा-पाणी भरा आणि चालवा.

कडबी चौकाजवळ आपलं नॅरोगेज संग्रहालय आहे. तिथल्या वाफेच्या इंजिनांच्या पाट्या जरूर वाचा. सातपुड्याच्या जंगलात फिरलेली ती इंजिनं ब्रिटनच्या कारखान्यांतून समुद्रमार्गे आलेली आहेत. इतवारीला उभं राहून आम्ही कधी त्याचा विचार केला नाही.

कळमन्याचा_माणूस
संत्र्याचा माल कंटेनरनं पाठवताना आमच्या ओळखीच्या एका बागायतदाराचा पुरता निकाल लागला. रीफर (विजेवर थंड राहणारा) कंटेनर वेळेवर लावला, पण वाटेत कुठेतरी प्लग काढून ठेवला गेला. दुबईला दार उघडलं तर अर्धा माल मऊ. तापमानाची नोंद होती, तरी ज्यानं त्यानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. विम्याचे पैसे अजून यायचे आहेत.

विदर्भ_एक्स्पोर्ट
रीफरमध्ये हे होतं. साध्या डब्यातही बघून घ्यावं लागतं. आमच्याकडे तांदूळ भरण्याआधी एक माणूस रिकाम्या कंटेनरमध्ये जातो आणि बाहेरून दार लावून घेतात. आत घुप्प अंधार. छतात किंवा भिंतीत सुईएवढं जरी भोक असलं तरी उजेडाचा ठिपका दिसतो. दिसला की डबा परत. मग नाक: आधी त्यात केमिकल किंवा चामडं गेलं असेल तर लाकडी तळाला वास धरतो, आणि तांदूळ वास ओढून घेतो. मे महिन्यात दुपारी हे काम करणाऱ्या पोरांना आधी ताक पाजतो, मगच आत पाठवतो. भरून झालं की ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या, बॉटल सील मारायचं आणि नंबर लिहून घ्यायचा.

फाटक_बंद
त्या नंबराचं काहून असते ते? सगळ्याच डब्यांवर तिसऱ्या अक्षरानंतर यू दिसते.

डबा_क्रमांक
पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं यू म्हणजे मालवाहू कंटेनर. मग सहा आकडे आणि चौकटीतला सातवा पडताळणीचा. अक्षरांना ठरलेल्या किमती देतात, प्रत्येक स्थानाला १, २, ४, ८ असं दुप्पट करत गुणतात, बेरजेला ११ नं भागतात. बाकी उरते तो शेवटचा आकडा, आणि बाकी १० आली तर शून्य. लिहिताना एक आकडा चुकला तरी कॉम्प्युटर लगेच ओरडतो. मालकांची अक्षरं नोंदवण्याचं काम पॅरिसचं तेच १९३३ वालं ब्यूरो आजही करतं.

संत्रीवाला_नरेंद्रनगर
चाकं, गेज, थप्पी, तिन्ही मुद्दे पटले. एक राहिलं. आपल्या देशात अशा वॅगन पाण्यावरून कधी गेल्याच नाहीत का?

मोतीबाग_सेवानिवृत्त
गेल्या की, फक्त समुद्राऐवजी नद्यांवरून. ब्रह्मपुत्रेवर पांडू आणि आमीनगावच्या मध्ये वॅगन बोटीवर चढवून नेत, सराईघाटचा पूल १९६२ ला होईपर्यंत. बिहारमध्ये मोकामा घाटाला गंगेवरही तेच, १९५९ ला राजेंद्र सेतू झाला तोवर. या मोकामा घाटावर जिम कॉर्बेट बरीच वर्षं मालाच्या चढ-उताराचे कंत्राटदार होते. नरभक्षक वाघांची नंतर झाली ती प्रसिद्धी. त्यांचं रोजचं काम म्हणजे ब्रॉडगेजच्या वॅगनमधला माल हमालांकरवी मीटरगेजच्या वॅगनमध्ये टाकणं. एकेक पोतं, एकेक गोणी, माणसाच्या डोक्यावरून.

धनुष्कोडीला समुद्र होता, पण तिथे गाडी बोटीत जात नसे. प्रवासी उतरून स्टीमरनं तलाईमन्नारला जात आणि पलीकडे दुसरी गाडी. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळानं धनुष्कोडीच संपवलं.

वरोऱ्याची_वाट
शेवटची शंका. गुजरात-राजस्थानकडे कंटेनरवर कंटेनर ठेवून दुमजली गाड्या धावतात. अजनीहून न्हावाशेवाला का नाही?

लोको_शेड
वरची वायर आड येते. पश्चिमेकडच्या मालवाहू कॉरिडॉरवर वायर मुद्दाम साडेसात मीटर उंचीवर टांगली आहे, म्हणून विजेच्या इंजिनानं दुमजली गाडी जाते. पिपावावहून जयपूरला २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा त्या मार्गावर वायरच नव्हती, डिझेल इंजिन होतं. आपल्या भुसावळ मार्गावर वायर नेहमीच्या उंचीची, आणि इगतपुरी उतरलं की थळ घाटातले बोगदे. ते जुन्या मापाचे. एकमजली ४५ वॅगनचा रेक, वीस फुटी ९० डबे, एवढंच घाट उतरतं.

फाटक_बंद
बोगद्याची उंची वाढवा म्हणून अर्ज करू. काका, मसुदा तुम्हीच लिहा. १८५० पासून सुरू करू नका फक्त.